हलत्या चित्रांची वेबसाइट : नफा किती, तोटा किती?

व्यापारात पाटीला महत्त्व असते, हे कोणी नाकारणार नाही. पाटी चांगली असेल तर गिऱ्हाईक पायरी चढते. पण माल चांगला असेल तरच ते पुन्हा येते. आजच्या काळात ही पाटी रस्त्यावर जितकी असते तितकीच ती गिऱ्हाइकाच्या हातातील फोनवरही असते. तिला वेबसाइट म्हणतात. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुके. येथे रेल्वे नाही, मोठा कारखाना नाही. परंतु वारली चित्रांचे कापड, बोहाड्याचे मुखवटे, बांबूच्या वस्तू आणि पावसाळी पर्यटन यांमुळे येथील मालाला मुंबई, पुणे, नाशिककडून विचारणा होत असते. साहजिकच वेबसाइट बनवून देणारेही येथे येऊ लागले आहेत. त्यांचे पहिले वाक्य बहुधा एकच असते : "शेठ, पान उघडल्याबरोबर चित्रे नाचली पाहिजेत!"

ही नाचणारी चित्रे घ्यावीत की नाहीत, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे आहोत; संगणकशास्त्राचा आमचा दावा नाही. पण ताका उलगडून, सूत चिमटीत धरून, उजेडात नेऊन माल पारखण्याची सवय आम्हाला आहे. त्याच नजरेने या मालाकडेही पाहू.

हा माल आला कोठून?

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्या वेळी वेबसाइट म्हणजे मजकूर आणि थोडी स्थिर चित्रे. हालचाल हवी असेल तर 'जीआयएफ' नावाची फाइल असे. हा प्रकार १९८७ चा. त्यात जास्तीत जास्त २५६ रंग. चित्रांची चळत एकामागून एक दाखवायची, एवढेच त्याचे काम.

१९९६ मध्ये 'फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर' नावाचे साधन निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेतले आणि त्याचे नाव 'फ्लॅश' ठेवले. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अ‍ॅडोबीने घेतली. पुढची काही वर्षे अशी होती की दिमाखदार वेबसाइट म्हणजे फ्लॅश, असे समीकरणच बनले. केवळ सजावट नव्हे, तर संपूर्ण वेबसाइट, म्हणजे तिची दारे, बटणे, मजकूर, फोटो, आवाज, सगळे एका फ्लॅश फाइलीत कोंबले जाई. घरबसल्या वेबसाइट बनवू देणारी 'विक्स'सारखी सेवाही सुरुवातीला फ्लॅशवरच उभी होती.

फायद्याची बाजू

टीका करण्यापूर्वी गुण मान्य करावेत, हा व्यवहाराचा नियम आहे. या साधनांचे गुण खरे होते आणि आजही आहेत.

पहिला गुण हलकेपणाचा. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रास. जितका मोठा तितका जड. फ्लॅश मात्र रेषांनी चित्र काढत असे. रेषा कोठून निघाली, कोठे गेली, किती वळली, एवढाच हिशेब ते ठेवी. चित्र कितीही मोठे करा, कडा फाटत नाही. आता वारली चित्राकडे पाहा. डोक्यासाठी वर्तुळ, धडासाठी टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, हातापायांसाठी रेषा. गेरूच्या भुईवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, म्हणजे दोनच रंग. तारप्याभोवती फेर धरलेली माणसे म्हणजे एकच आकृती अनेकदा, थोड्या फरकाने. रेषेच्या साधनासाठी याहून सोयीचे चित्र शोधून सापडणार नाही. जव्हारच्या चित्रकाराची आकृती हलवायला फार वजन लागत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरा गुण लिपीचा, आणि तो आमच्या विशेष जिव्हाळ्याचा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. उर्दूची नस्तालीक लिपी संगणकावर आणणे किती अवघड होते, हे आम्ही पाहिले आहे. अक्षरे एकमेकांवर तिरपी उतरतात, शब्दागणिक रूप बदलते. 'नूरी नस्तालीक' १९८१ मध्ये आले, 'इनपेज' १९९४ मध्ये. छापखान्याचा प्रश्न सुटला, पण इंटरनेटचा सुटला नाही. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे अनेक वर्षे मजकुराचे चित्र करून तेच वेबसाइटवर टाकत. मराठीचीही गत फार वेगळी नव्हती. ज्याच्या संगणकात तो फाँट नाही, त्याला देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. फ्लॅशमध्ये अक्षराचा आकारच फाइलीत बांधून पाठवता येई. समोरच्याकडे फाँट असो वा नसो, मराठी मराठीच दिसे आणि उर्दू उर्दूच. त्या काळात ही लहान सोय नव्हती.

तिसरा गुण दाखवण्याचा. काही गोष्टी सांगून कळत नाहीत. मुखवट्यावर कागदाचा थर कसा चढतो, कापडावर आधी कोणती रेषा येते आणि नंतर कोणती, फेटा कसा बांधतात, हे चार हलत्या चित्रांत जे कळते ते चार पानांच्या मजकुरात कळत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही कळते. कारागिराच्या मेहनतीची किंमत गिऱ्हाइकाच्या मनात ठसवण्याचा हा चांगला मार्ग आहे.

तोट्याची बाजू

आता दुसरे पारडे.

पहिला तोटा थांबण्याचा. जुन्या टेलिफोन मोडेमचा वेग चांगल्यात चांगला ५६ किलोबिट. ४०० किलोबाइटची फ्लॅश फाइल त्यावर उतरायला जवळपास एक मिनिट लागे, आणि तोवर गिऱ्हाईक एक फिरणारे चक्र पाहत बसे. दुकानाचे शटर उघडायला मिनिटभर लागत असेल तर रस्त्यावरचा माणूस थांबतो काय? पुष्कळ वेबसाइटांना सुरुवातीलाच एक नाच असे आणि कोपऱ्यात 'पुढे चला' असे बटण असे. पाहुण्याला दारातच नाच वगळण्याची सोय करून द्यावी लागते, याचा अर्थ काय, तो सुज्ञ वाचकांनी समजावा.

दुसरा तोटा शोधाचा. नवे गिऱ्हाईक दुकानाचे नाव शोधत नाही, वस्तू शोधते. 'वारली साडी', 'बांबूची टोपली', 'जव्हार लॉज' असे शब्द टाकते. शोधयंत्र मजकूर वाचते. फ्लॅशच्या पेटीत बंद केलेला मजकूर त्याला दिसत नसे. २००८ मध्ये गूगलने तो काही प्रमाणात वाचण्यास सुरुवात केली, पण २०१९ मध्ये हे काम बंद करत असल्याचे जाहीर केले. म्हणजे दुकान थाटले, पण बाजाराच्या यादीत नावच नाही.

तिसरा तोटा फोनचा. २००७ मध्ये आयफोन आला, तो फ्लॅशशिवाय. एप्रिल २०१० मध्ये अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून कारणे दिली : बॅटरी खाते, सुरक्षेत भोके आहेत, बोटाने वापरण्यासाठी बनलेले नाही, आणि एका कंपनीच्या मुठीत आहे. अँड्रॉइडवर ते काही काळ चालले. पण नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने फोनसाठीचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे तर बहुसंख्य लोकांनी इंटरनेट प्रथम पाहिले तेच फोनवर, आणि २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाल्यानंतर तर खेड्यापाड्यातही. त्या सर्वांसाठी फ्लॅशची दुकाने बंदच होती.

चौथा तोटा सर्वांत मोठा : परावलंबन. जुलै २०१७ मध्ये अ‍ॅडोबीने जाहीर केले की २०२० च्या अखेरीस फ्लॅश संपेल. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते संपले, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने आतला मजकूर चालवणेच बंद केले. साडेतीन वर्षांची मुदत मिळाली होती, तरी मोठमोठे गाफील राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही अर्ज फ्लॅशमध्ये होते. जानेवारी २०२१ मध्ये ते भरता यावेत म्हणून त्या खात्याला स्वतःचा ब्राउझर काढावा लागला. सरकारी खात्याची ही गत, तर छोट्या दुकानदाराचे काय?

त्याचे उत्तर आमच्या परिचयाच्या एका दुकानात मिळते. हे गृहस्थ जव्हार परिसरातील चित्रकारांकडून कापडावर वारली चित्रे काढून घेऊन बाहेरगावी पाठवतात. २००९ च्या सुमारास त्यांनी शहरातील एका वेबसाइटवाल्याकडून काम करून घेतले. काम देखणे होते यात शंका नाही. पान उघडले की तारप्याचा सूर आणि फेर धरलेली माणसे. एकेका माणसावर बोट ठेवले की एकेक कापड समोर येई. बारा वर्षे ती वेबसाइट चालली. जानेवारी २०२१ मध्ये त्या जागी एक करडी चौकट उरली. दुकानाचा पत्ता व फोन नंबरसुद्धा त्या चौकटीतच होता, त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकालाही काही दिसेना. वेबसाइटवाल्याने तोवर धंदा आवरला होता. मूळ फाइल कोणाकडे, याचा पत्ता नाही. पुढे जागेचे भाडे थकले आणि राहिलेली फाइलही गेली.

नुकसान वेबसाइटच्या पैशाचे नव्हते. ते पैसे केव्हाच वसूल झाले होते. नुकसान चित्रांचे झाले. विकल्या गेलेल्या कापडांचे फोटो दुसरीकडे कोठेच जपलेले नव्हते. त्यातील काही कापडे रंगवणारे हात आज या जगात नाहीत. त्यांच्या मुलानातवंडांनी "बाबांचे काम दाखवा" म्हटले तर दाखवायला काही उरलेले नाही. धंद्याच्या वहीत ही रक्कम कोठे मांडायची, ते आम्हाला माहीत नाही.

आजची साधने : दूध पोळले म्हणून ताकही फुंकावे काय?

फ्लॅश गेले, पण हलती चित्रे गेली नाहीत. खुद्द फ्लॅश बनवण्याच्या साधनाचे नाव २०१६ मध्ये 'अ‍ॅनिमेट' झाले आणि ते नव्या पद्धतीच्या फाइली देऊ लागले. विक्सने २०१२ मध्ये नवा मार्ग धरला. हा नवा मार्ग म्हणजे 'एचटीएमएल ५', जे २०१४ मध्ये अधिकृत मानक ठरले. त्याच्या जोडीला रेषांच्या चित्रांसाठी 'एसव्हीजी' आणि हालचालीसाठी 'सीएसएस'. २०१७ मध्ये आलेले 'लॉटी' हेही त्याच कुळातले.

यातला मुख्य फरक मालकीचा आहे. फ्लॅश एका कंपनीचे होते. ही मानके कोणा एकाची नाहीत. ती चालवायला वेगळा प्लेयर लागत नाही, ब्राउझरच चालवतो. आणि मजकूर मजकूर म्हणूनच राहतो. शोधयंत्र तो वाचते, अंधासाठीचे यंत्र तो बोलून दाखवते. लिपीची जुनी अडचणही युनिकोडमुळे दूर झाली आहे. मराठी तर फोनवर सहज दिसतेच, नस्तालीकसाठीही मोफत फाँट मिळतात. म्हणजे ज्या कारणासाठी आपण मजकुराला चित्राच्या पेटीत घालत होतो, ते कारणच आता राहिलेले नाही.

तरीही वजनाचा प्रश्न उरतोच. साधन नवे झाले, तरी बनवणाऱ्याची हौस जुनीच आहे. पार्श्वभूमीला फिरता व्हिडिओ, सरकणारे फोटो, उडणारी अक्षरे, असे करता करता पान ५ मेगाबाइटचे होते. जव्हारहून मोखाडा, खोडाळ्याकडे निघाले की फोनचे टॉवर कसे लपंडाव खेळतात, ते येथे राहणाऱ्यांस सांगायला नको. समजा, एखाद्या वळणावर २०० किलोबिटचाच वेग मिळाला. ५ मेगाबाइटचे पान उतरायला ३ मिनिटे २० सेकंद लागतील; १५० किलोबाइटचे पान ६ सेकंदांत उतरेल. पावसाळ्यात धबधबे पाहायला आलेला प्रवासी रस्त्यातच लॉज किंवा खानावळ शोधत असतो. तीन मिनिटांत तो पुढच्या दुकानात पोहोचलेला असेल.

गिऱ्हाइकाला काय हवे?

कापडाच्या गिऱ्हाइकाला काय हवे असते? सूत कोणते, पन्हा किती, लांबी किती, रंग धुण्यात टिकतो काय, भाव काय, माल कधी मिळेल. भिवंडीचा व्यापारी असो की पुण्याची गृहिणी, प्रश्न हेच. यातील एकाही प्रश्नाचे उत्तर नाचणारे चित्र देत नाही. उलट सरकत्या फोटोंमुळे कापड नीट पाहताच येत नाही. दिवसाच्या उजेडात काढलेला एक स्वच्छ, स्थिर फोटो आणि जवळून घेतलेला पोताचा दुसरा फोटो, हे दोन फोटो दहा नाचांना भारी आहेत. परत येणाऱ्या मालाचे मोठे कारण रंगातला फरक असते, हे आमच्या धंद्यातील सर्वांना ठाऊक आहे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हाताने रंगवलेले कापड वेगळे आणि यंत्रावर छापलेले वेगळे. दोन्ही विकण्यात गैर काही नाही. पण छापलेले हाताचे म्हणून विकणे ही लबाडी आहे. देखण्या हालचालीच्या आड ही गोष्ट लपवणे सोपे असते. म्हणून प्रत्येक वस्तूखाली साध्या अक्षरांत 'हाताने रंगवलेले' किंवा 'छापील' असे लिहावे, आणि चित्रकाराच्या संमतीने त्याचे नाव व गाव द्यावे. चित्रकाराला नाव मिळते आणि गिऱ्हाइकाला भरवसा.

कायद्याचीही बाजू आहे. ऑनलाइन विक्रीसंबंधी ग्राहक संरक्षणाचे नियम २०२० मध्ये आले. विक्रेत्याचे नाव, पत्ता, एकूण किंमत, माल परत घेण्याच्या अटी, तक्रार कोणाकडे करायची, ही माहिती गिऱ्हाइकाला स्पष्ट मिळाली पाहिजे. ती उडत्या अक्षरांत देऊन भागत नाही.

शिवाय आरोग्याचा मुद्दा : एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे चित्र फिट येणाऱ्या माणसाला घातक ठरू शकते. वेबसाइटच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तशी मनाईच आहे.

ठेका देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. नाव कोणाच्या नावावर? वेबसाइटचे नाव स्वतःच्या नावाने नोंदवा. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असे नावही घेता येते. बनवणाऱ्याच्या नावावर नोंद म्हणजे दुसऱ्याच्या जागेत बांधलेले घर.

२. मूळ फाइली मिळणार काय? केवळ तयार माल नको. ज्या फाइलीतून तो बनला तीही हवी, आणि हे लेखी हवे.

३. पान किती वजनाचे? किलोबाइटमध्ये आकडा विचारा. मग मोखाड्याच्या बाजारात उभे राहून, साध्या स्वस्त फोनवर ते उघडून पाहा. शहरातील कचेरीत सगळ्याच वेबसाइट धावतात.

४. हालचाल बंद केली तर काय उरते? नाव, पत्ता, फोन, भाव, मजकूर हे सर्व उरले पाहिजे. हे न उरल्यास ठेका देऊ नका.

५. दुरुस्ती कोण करणार? भाव बदलायला दर वेळी शहरातून माणूस बोलवावा लागत असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होईल.

६. फोटोंची दुसरी प्रत कोठे आहे? प्रत्येक कलाकृतीचा फोटो, तारीख आणि कारागिराचे नाव स्वतःच्या संगणकावर व आणखी एका ठिकाणी ठेवा.

ज्यांच्या जुन्या फ्लॅश वेबसाइट बंद पडल्या आहेत, त्यांनी निराश होऊ नये. 'एसडब्ल्यूएफ' ही फाइल हाती असेल तर 'रफल' नावाच्या मोफत साधनाने ती पुष्कळदा पुन्हा चालते. 'इंटरनेट आर्काइव्ह'ने नोव्हेंबर २०२० पासून त्याच साधनाच्या मदतीने जुनी फ्लॅश कामे जपण्यास सुरुवात केली. तेव्हा जुन्या सीडी आणि जुने संगणक भंगारात देण्यापूर्वी एकदा तपासून पाहावेत.

काही बांधव विचारतील : मग वेबसाइट तरी कशाला? २०१८ पासून 'व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस' आहे, त्यात मालाची यादी लावता येते, खर्चही नाही. प्रश्न रास्त आहे. छोट्या कारागिराने तेथूनच सुरुवात करावी. मात्र तो भाड्याचा गाळा आहे, हे विसरू नये. मालकाने उद्या अट बदलली तर आपले काही चालत नाही. फ्लॅशने शिकवलेला धडा हाच आहे.

आमचे मत

हिशेब मांडून आमचे मत असे झाले आहे. हलते चित्र जेथे काही समजावून देते तेथे ते जरूर घ्यावे. कापडावर चित्र कसे उमटते, मुखवटा कसा घडतो, हे दाखवणारे एखादे लहानसे, रेषांचे, हलके चित्र कारागिराच्या मेहनतीला न्याय देईल. वारलीच्या बाबतीत ते स्वस्तात आणि सुंदर होऊ शकते, कारण ही कलाच मुळी रेषेची आहे. पण दुकानाचे दार, भावाची पाटी आणि मालकाचा पत्ता यांना नाचवू नये. ज्या वस्तूवर धंदा उभा आहे ती स्थिर असावी, साधी असावी, आणि आपल्या मालकीची असावी.

ज्यांनी हलत्या चित्रांचा ठेका आधीच दिला आहे, त्यांनी या आठवड्यात एवढे एक काम करावे : बनवणाऱ्याकडून मूळ फाइली आणि सर्व फोटो मागून घ्यावेत. तो आज फोन उचलतो आहे, तोवरच हे काम सोपे आहे.